भुकेची ओळख

राखेचा बुधवार उलटला की पुढच्या रविवारी चर्चमध्ये तोच उतारा वाचला जातो. यार्देन नदीत बाप्तिस्मा घेऊन येशू रानात जातो, चाळीस दिवस उपाशी राहतो आणि सैतान त्याच्याजवळ येऊन या दगडांच्या भाकरी कर म्हणतो. लहानपणापासून ऐकून ऐकून हा उतारा पाठ झाला आहे, तरी दरवर्षी मी त्या दगडांपाशी अडकते.

यहूदियाचं ते रान म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येतं तसं झाडाझुडपांचं अरण्य मुळीच नाही. यरुशलेमहून यरीहोकडे उतरताना लागणारे ते चुनखडीचे बोडके डोंगर. पाणी नाही, सावली नाही. यरीहो तर समुद्रसपाटीच्याही खाली वसलेलं. गावामागे जो कडा उभा आहे, त्याला परंपरेने मोहाचा डोंगर म्हणतात, आणि त्या कड्यालाच बिलगून ग्रीक ऑर्थोडॉक्स संन्याशांचा मठ आहे. उन्हात तापलेले तिथले पिवळट दगड चाळीस दिवसांच्या उपाशी माणसाला तव्यावरून नुकत्याच उतरलेल्या भाकरीसारखे दिसले असतील. सैतानाला फार काही करावं लागलंच नाही. पोट जे म्हणत होतं, तेच त्याने बोलून दाखवलं.

आणि भाकरीत पाप ते कसलं? पुढे याच येशूने पाच भाकरी मोडून पाच हजारांना जेवू घातलं. तेव्हा भाकरीचा चमत्कार त्याला वर्ज्य नव्हता. तो त्याने स्वतःसाठी केला नाही, एवढंच. त्या दिवशी दगडाची भाकर झाली असती, तर जगातल्या सगळ्या उपाशी माणसांच्या पंगतीतून तो एकटा उठून गेला असता. ज्यांच्या हाती दगडाची भाकर करण्याची सत्ता नाही, त्यांच्यातच तो बसून राहिला. मला हा उतारा असा कळतो. इब्रीकरांस लिहिलेल्या पत्रातही हाच धागा आहे: ज्याने स्वतः परीक्षेत सोसलं, तोच परीक्षेत सापडलेल्यांना हात देऊ शकतो.

आपल्याकडे दुःखाच्या घरी गेलं की कुणीतरी अग्नीतून निघालेल्या सोन्याचा दाखला देतंच. दाखला पेत्राच्या पत्रातलाच आहे, पण पेत्राने तो विश्वासाबद्दल दिला आणि आपण तो माणसांना लावतो. सोन्याला चटका बसत नाही. आई अंथरुणाला खिळली होती त्या दिवसांत मंडळीतली बरीच माणसं घरी येऊन गेली. प्रार्थना करत, देव परीक्षा पाहतोय म्हणत, धीर धर म्हणत. सगळ्यांची माया खरी होती, पण ती माणसं गेली की खोली अधिकच रिकामी वाटायची. एका संध्याकाळी मागच्या गल्लीतल्या एक मावशी आल्या. तरुणपणी त्यांची दोन मुलं गेली होती, हे साऱ्या मंडळीला ठाऊक होतं. त्यांनी चप्पल काढली, आईच्या कपाळावरून हात फिरवला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जेवलीस का गं?" मी नाही म्हटलं. पदराआडून डबा काढून त्यांनी ओट्यावर ठेवला, झाकण उघडलं, स्वतःच ताट वाढलं आणि मी शेवटचा घास घेईपर्यंत समोर बसून राहिल्या. ज्वारीची भाकरी आणि शेपूची भाजी. परीक्षेबद्दल त्या अक्षर बोलल्या नाहीत. त्यांच्यातून जे बळ माझ्यापर्यंत आलं, ते त्यांच्या सोसण्यातूनच आलं होतं, याविषयी मला शंका नाही.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य मी याच नजरेने वाचते. दुष्काळ त्यांच्या घरात शिरला तेव्हा त्या पंधरा-सोळा वर्षांच्या होत्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे म्हातारे, डोळ्यांनी अधू. पुराणं सांगत तीर्थोतीर्थी फिरणारं ते कुटुंब. होतं नव्हतं ते दानधर्मात आणि पोटात गेलं. शेवटी अन्नान्नदशा झाली तेव्हा वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं. थोरल्या भावाने, श्रीनिवासने, ते होऊ दिलं नाही. जातीचा मान बाजूला ठेवून मी मजुरी करीन म्हणाला. रानात पानं आणि रानखजूर खाऊन दिवस काढले. १८७४ मध्ये वडील गेले, पाठोपाठ आई, मग बहीण. उरलेली दोघं भावंडं हिंदुस्थानभर पायी फिरली. झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत अंगावर घ्यायला काही नव्हतं, तेव्हा त्यांनी वाळूत कबरीएवढे दोन खड्डे खणले, त्यांत आडवी झाली आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून घेतली. हे रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलं आहे. वाचताना माझ्याच अंगात हुडहुडी भरते.

नंतरचे घाव भराभर आले. कलकत्त्यात 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरव झाला, आणि १८८० मध्ये भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं, मनोरमा जन्मली, आणि १८८२ मध्ये पटकीने पती गेले. १८८३ मध्ये त्या तान्ह्या मुलीला घेऊन इंग्लंडला, वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहायला गेल्या. वैद्यकी शिकायचा बेत होता, तो वाढत्या बहिरेपणाने मोडला. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच आपला जीव संपवला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला.

इथे एक मोह आला, तो मला भाकरीच्या मोहापेक्षाही बिकट वाटतो. ज्यांच्या छपराखाली राहतो, ज्यांचं अन्न खातो, ज्यांची माया खोटी नाही, त्यांना हो म्हणून टाकण्याचा मोह. परक्या देशात, विधवा, पदरात मूल. रमाबाईंनी मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी पत्रापत्रांतून वाद घातला. त्रैक्याचा सिद्धांत मनाला पटल्याखेरीज मानणार नाही म्हणाल्या. पुरोहितांचं एक जोखड उतरवलं ते दुसरं मानेवर घेण्यासाठी नाही, असं स्पष्ट कळवलं. याला हट्ट म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला मात्र तो विश्वासाचाच भाग वाटतो. त्यांच्याच सांगण्याप्रमाणे आधी ख्रिस्ती धर्म हाती आला आणि ख्रिस्त सापडला तो त्यानंतर आठ वर्षांनी. शंकेची एवढी वर्षं घाईघाईच्या होकाराने मिटवून टाकली असती, तर जे सापडलं ते सापडलं असतं का?

मायदेशी परतल्यावर १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवा आणि मुलींसाठी शारदासदन उघडलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. रमाबाई आपली प्रार्थना दार उघडं ठेवून करत, मुली येऊन बसत. त्यावरून १८९३ मध्ये वादळ उठलं. रानडे, भांडारकरांसारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली, बऱ्याच मुली काढून नेल्या गेल्या. विश्वासाने लेकी पाठवणाऱ्या हिंदू घरांचं दुखणंही खोटं नव्हतं, हे आपल्या बाजूने लिहितानाही म्हटलं पाहिजे. दार लावून घेतलं असतं तर संस्था सुखात चालली असती. त्यांनी ते लावलं नाही.

आणि मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसं रस्त्याकडेला मरत होती. रमाबाई तिथे गेल्या. तेव्हा त्यांचं वय चाळिशीला टेकलेलं, नाव देशापरदेशात झालेलं. पैसे पाठवून मोकळं होणं कुणालाही शोभून दिसलं असतं. पण स्वतःचे रानातले ते दिवस त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. उपाशी मुलीला एकदम पोटभर वाढायचं नसतं, आणि आपलं माणूस मेल्यावर ती कुणाच्या मागे जाते हे तिचं तिलाही कळत नसतं, या गोष्टी त्यांना कुणी शिकवाव्या लागल्या नसतील. त्या मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, नव्या मुलींना शहरात ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगावला माळरानात तंबू पडले. तेच मुक्तिसदन. १९०० च्या दुष्काळानंतर तिथे दोन हजारांच्या आसपास बायका-मुली होत्या. विणकाम, तेलाचा घाणा, शेती, छापखाना, आणि या सगळ्यांआधी रोज एवढ्या जणींचा स्वयंपाक.

लूक एक गोष्ट सांगतो, ती मत्तयात नाही: सैतान येशूला सोडून गेला, पण योग्य वेळ येईपर्यंतच. परीक्षा एकदा उतरून संपत नाही, हे रमाबाईंच्या बाबतीतही खरं ठरलं. म्हातारपणी त्यांचं एकच मोठं काम चाललं होतं. खेड्यातल्या बाईला कळेल अशा सोप्या मराठीत सबंध बायबल आणायचं, म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. कान जवळजवळ गेलेले. संस्था मनोरमेच्या हाती सोपवायची असं ठरलेलं. २४ जुलै १९२१ ला मनोरमा गेली, चाळिशीत. आई-वडील, बहीण, भाऊ, पती, आणि आता जिला वाँटेजच्या थंडीत कुशीत घेऊन निजवलं होतं ती लेक. या बाईने त्यानंतर देवाशी काय भांडण केलं असेल, ते मला ऐकायला हवं आहे. विश्वासणाऱ्याने भांडू नये असं मी मानत नाही. येशूनेही गेथशेमानेत हा प्याला टळो म्हणून रक्ताचा घाम येईतो विनवलं होतं.

काम थांबलं नाही, एवढं कळतं. केडगावच्या छापखान्यात बायका खिळे जुळवत होत्या. दुष्काळात अंगावर चिंधी न राहिलेल्या ज्या मुली तिथे आल्या होत्या, त्यांच्यापैकीच काही आता जुळारी झाल्या होत्या. जुळवलेल्या पानांची मुद्रितं रमाबाईंकडे जात आणि तपासून परत येत. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. उपवासकाळ चालू होता, ईस्टरला अकरा दिवस बाकी होते. सबंध बायबल छापून निघालं १९२४ साली. तोवर मुक्तिसदनाच्या मुदपाकखान्यात चूल रोज पेटत होती, कारण माय-लेकी दोघी नसल्या तरी शेकडो मुलींना दोन वेळा जेवायला लागतच होतं.