आपखुषीचा गळ

भुकेल्या जिवाला फसविणें ही मोठीशी कर्तबगारी नव्हे. सांपळ्यांत भज्याचा तुकडा अडकविला म्हणजे उरलेलें काम उंदराची भूकच करिते. पण ज्याची भूक कायमची संपली आहे, ज्याला या जगांतलें कांहीं एक खावयाचें उरलेलें नाहीं, त्याच्यापुढें आमिष तें कसलें टाकावयाचें? हा प्रश्न वेदान्ताचा वाटेल. परंतु गेल्या नोव्हेंबर महिन्यांत हूड्सपोर्ट येथें मांड्यांइतक्या थंडगार पाण्यांत उभा असतांना तो मला अगदीं व्यावहारिक स्वरूपांत पडला होता.

हूड्सपोर्ट हें अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यांतील वॉशिंग्टन राज्यांतलें एक लहानसें गांव. मुलाकडे राहावयास आल्यापासून दरवर्षीं शरद ऋतूंत त्या गांवाचें नांव कानीं पडत असे. त्याच्या पश्चिमेस ऑलिंपिक पर्वताच्या रांगा आहेत, आणि पूर्वेस अगदीं पायाशीं 'हूड कॅनॉल'. हें नांव मोठें फसवें आहे. हा कोणी खणलेला कालवा नव्हे. हिमनद्यांनीं कोरून काढलेली, सुमारें ५० मैल लांब व दीड-दोन मैल रुंद अशी ती समुद्राची खाडी आहे. १७९२ सालीं जॉर्ज व्हँकूव्हर या इंग्रज नाविकानें लॉर्ड हूड यांचें नांव तिला दिलें. रोजनिशींत त्यानें 'चॅनल' असें लिहिलें आणि नकाशावर 'कॅनॉल' असें. पुढील पिढ्यांनीं नकाशा प्रमाण मानला. गांवांतून फिंच क्रीक नांवाचा एक ओढा या खाडीला मिळतो. तो इतका लहान कीं आमच्या कोंकणांत त्याला पऱ्या म्हणूनच सोडून दिलें असतें. परंतु त्याच्या मुखाशीं सरकारी मत्स्यबीज-केंद्र आहे, आणि या केंद्रामुळेंच त्या ओढ्याला गंगेची प्रतिष्ठा आली आहे. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबर संपेपर्यंत येथें 'चम' जातीच्या सॅल्मन माशांची यात्रा भरते. आणि यात्रा म्हटली कीं यात्रेकरूंना गांठणारे आलेच. त्यांपैकीं मी एक होतों.

या माशाचें चरित्र सांगितल्यावांचून माझी अडचण वाचकांच्या ध्यानांत यावयाची नाहीं. वसंत ऋतूंत बोटभर लांबीचीं पिलें ओढ्याच्या वाटेनें समुद्रांत जातात. तेथें तीं तीन ते पांच वर्षें हिंडतात, वाढतात, आठ-दहा, कधीं पंधरा पौंडांचीं होतात. आणि मग एके दिवशीं त्यांना जन्माच्या पाण्याची आठवण होते. त्या पाण्याचा वास ओळखीत मासा परत येतो. येतांना त्याचें रूप पालटतें. समुद्रांतली चांदी उतरते आणि अंगावर हिरव्या-जांभळ्या रंगांचे उभे, पुसट पट्टे उमटतात. नराचा जबडा वांकडा होऊन पुढें दांत दिसूं लागतात. 'चम' हें नांवच चिनूक लोकांच्या व्यापारी बोलींतील एका शब्दावरून आलें असून त्याचा अर्थ ठिपक्यांचा, रंगीबेरंगी असा आहे. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे गोड्या पाण्याकडे वळलेला हा मासा अन्न सोडतो. त्याची पचनेंद्रियें सुकत जातात. आतां त्याला एकच कार्य करावयाचें असतें, आणि तें उरकलें कीं मरावयाचें असतें. आमच्याकडे प्रायोपवेशन करणारा पुरुष निदान तपस्वी तरी म्हणविला जातो. याला कोणी तसेंही म्हणत नाहीं.

अशा विरक्ताला मोहांत पाडण्याची विद्या मला पहिल्या दोन खेपांत मुळींच साधली नाहीं. दुसऱ्या खेपेस शेजारीं उभ्या असलेल्या एका वृद्ध गृहस्थांना माझी दया आली. "तुम्ही त्याला जेवावयास बोलावतां आहां," ते म्हणाले, "त्याला जेवावयाचें नाहीं. त्याला डिंवचा." मग त्यांनीं आपली सामग्री मला दाखविली. शिशाच्या इवल्याशा गोळींत बसविलेला एकेरी गळ आणि त्याच्याभोंवतीं पिसांचा किंवा रबरी झिरमिळ्यांचा झगा. याला येथें 'जिग' म्हणतात. झग्याचा रंग पोपटी असावा, नाहींपेक्षां जांभळा किंवा गुलाबी. चम या रंगांवर विशेष चिडतो अशी येथल्या लोकांची श्रद्धा आहे. वासासाठीं गळाच्या टोंकाला कोळंबीचा नखाएवढा तुकडा. जिगच्या वर दोन-तीन हातांवर तरंगतें बूच. भरती चढूं लागली कीं मासे ओढ्याच्या तोंडाशीं सरकतात. त्या वेळीं बूच त्यांच्या वरच्या बाजूस टाकून प्रवाहाबरोबर वाहूं द्यावयाचें, आणि मधून मधून काठीचें टोंक हलवून झग्याला थोडेंसें नाचवावयाचें. बूच गटकन् बुडेल म्हणून वाट पाहत बसलांत तर बसूनच राहाल. तें वाहतां वाहतां किंचित् अडखळलें, किंचित् कललें, कीं काठी उचला. ज्यांना बुचाकडे पाहत उभें राहण्याइतका धीर नसतो ते धातूचा एक रंगीत तुकडा दूर फेंकून झटक्या-झटक्यानें ओढीत आणतात. तो फडफडत बुडतो व पुन्हा उसळतो, आणि मासा त्याच्यावर धांवून येतो.

भूक नसतांना तो गळ तोंडांत घेतो तरी कां? कोणी म्हणतात राग, कोणी म्हणतात जुनी सवय. मला वाटतें, माशाला हात नाहींत. म्हणून राग काय किंवा कुतूहल काय, त्याला सारें तोंडानेंच व्यक्त करावें लागतें. माणसांतही असा एक वर्ग आहे, आणि त्याचीही बहुतेक संकटें तोंडावाटेंच येतात.

पण हूड्सपोर्टला आणखी एक विद्या चालते, आणि तिचा उल्लेख टाळणें अप्रामाणिकपणाचें होईल. ओढ्याच्या मुखाशीं मासे इतके दाटतात कीं जड गळ त्यांच्यांत फेंकून जोरानें हिसका दिला तर तो कोणाच्या ना कोणाच्या पाठींत, पोटांत, परांत रुततोच. यांत आमिष नको, रंग नको, धीर नको. राज्याच्या कायद्यानें या ओरबाडण्यास मनाई केली आहे, आणि त्या मनाईची शब्दरचना मला फार विलक्षण वाटली. माशानें आपखुषीनें गळ तोंडांत घेतला नसेल, तर अशा तऱ्हेनें मासा धरूं पाहणें हाच गुन्हा! चुकून दुसरीकडे गळ लागला तर मासा सोडून द्यावयाचा. गळाचा उलटा कांटाही आधींच चिमट्यानें दाबून टाकावयाचा, म्हणजे सोडतांना जखम थोडी होते. माझा अकरा वर्षांचा नातू तिसऱ्या खेपेस बरोबर होता. त्यानें नियमांची पुस्तिका मोटारींत मोठ्यानें वाचून दाखविली, तेव्हां मी हंसलों होतों. ज्याचा जीव घ्यावयाचा त्याची आपखुषी! लबाडीला संमति हवी, असें सांगणारा कायदा मीं पूर्वी कधीं ऐकला नव्हता.

तो दिवस धुक्याचा होता. दुपार कलली तरी आमच्या दोघांच्या बुचांना कोणी विचारलें नव्हतें. वृद्ध गृहस्थ आपला मासा घेऊन कांठाकडे निघाले होते. इतक्यांत माझें बूच अडखळलें, मीं काठी उचलली, आणि चाक ओरडूं लागलें. असली ओढ मीं आयुष्यांत अनुभविली नव्हती. मासा खोल पाण्याकडे धांवला, परतला, पुन्हा धांवला. नातू नाचत होता. "आजोबा, सोडूं नका! आजोबा, आज आईला दाखवायचा!" दहा-बारा मिनिटांनीं मासा गुडघाभर पाण्यांत माझ्या पायांशीं आला. चांगला दहा पौंडांचा असावा. मीं वांकून त्याला धरलें, आणि माझ्या बोटांना गळ लागला. तो तोंडांत नव्हता. पोटाच्या पराशीं रुतला होता.

मीं हिसका दिला नव्हता. हा केवळ अपघात होता. हें पहिलें समर्थन. दुसरें याहून बळकट होतें: हा मासा कांहीं दिवसांत मरणारच. शंभर पावलांवरच्या केंद्रांत तो शिरला तर तेथले लोक त्याला मारूनच त्याच्या देहांतलें बीज काढून घेतील. मादीचीं अंडीं आणि नराचें रेत एकत्र करतील, आणि वसंतांत पिलें सोडतील. तेथें त्याची आपखुषी कोण विचारतो? तिसरें समर्थन माझ्या बालपणांतून आलें. मृगाचा पहिला पाऊस पडला कीं कोंकणांत नदीचे मासे अंडीं घालण्यासाठीं पऱ्यांतून शेतांत चढतात. त्या चढणीच्या माशांमागें आम्ही कंदील घेऊन रात्रीचे धांवत असूं. हातानें, टोपलीनें, कोयत्यानें, जसा मिळेल तसा मासा आम्हीं धरला आहे, आणि तो खातांना कोणाचाही घांस घशांत अडकलेला नाहीं. आणि चौथें समर्थन माझ्या शेजारीं उभें राहून उड्या मारीत होतें. ही सर्व समर्थनें सुचावयास जितका वेळ लागला तितका वेळ माझा तळहात गळावर होता. तो तेथें गेला कसा, हें मला सांगतां येईल. पण सांगावयास आवडत नाहीं.

नातू मासा पाहावयास वांकला. त्यानें माशाचें तोंड पाहिलें. दोरी तोंडाकडे जात नाहीं हें त्याला दिसलें असावें. तो कांहीं बोलला नाहीं. फक्त माझ्या तळहाताकडे पाहूं लागला. उड्या थांबल्या होत्या. कांहीं क्षण असे गेले. मग मीं हात काढला.

कांटा दाबलेला असल्यामुळें गळ सहज निघाला. मासा पाण्यांतच होता. शेंपटीशीं धरून मीं त्याचें तोंड प्रवाहाकडे केलें. थोडा वेळ तो माझ्या हातांत नुसता श्वास घेत राहिला आणि मग एका फटकाऱ्यासरशीं निघून गेला. कोठें? ओढ्याच्या तोंडाकडे; म्हणजे मरणाकडेच. मीं त्याचा जीव वांचविला असें म्हणण्याची सोय त्यानें ठेविली नाहीं.

तेव्हांपासून मी त्या नियमाला हंसत नाहीं. त्याचें वर्म मला परततांना उमगलें. याच खाडीच्या वळणावर स्कोकोमिश लोक राहतात. १८५५ च्या 'पॉइंट नो पॉइंट' येथील तहानें त्यांनीं जमीन दिली, परंतु आपल्या पूर्वापार जागीं मासे धरण्याचा हक्क राखून ठेविला. आणि या प्रदेशांतील अशा तहांचा अर्थ लावून १९७४ सालीं न्यायमूर्ति बोल्ट यांनीं मिळकतीच्या निम्म्यापर्यंतचा वांटा तहबद्ध जमातींचा ठरविला. त्यांच्या जाळ्यांना माशाची आपखुषी लागत नाहीं. आमच्या चढणीच्या टोपलीलाही लागत नव्हती. केंद्रांतल्या माणसांनाही ती लागत नाहीं. त्यांपैकीं कोणाचाही माशाशीं खेळ चाललेला नसतो. पोटासाठीं, हक्कासाठीं किंवा पुढल्या पिढीसाठीं मासा धरणारा आपण मासा धरतों असें सरळ म्हणतो. मी मात्र एका मरणोन्मुख जिवाशीं खेळावयास गेलों होतों. रंग, पिसें, बूच, भरतीचें वेळापत्रक हा सारा त्या खेळाचा थाट. आणि दुसऱ्या गड्यानें डाव स्वीकारला नसेल तर तो खेळ नव्हेच. आपखुषीची अट माशाच्या रक्षणासाठीं थोडी आणि खेळणाऱ्याच्या रक्षणासाठीं अधिक आहे. मरणार आहे म्हणून त्याच्याशीं कसेंही वागावें, हा युक्तिवाद माशापाशीं सुरू होतो. पण तो माशापाशींच थांबेल याची हमी मला या वयांत देववत नाहीं.

शिवाय विपुलता ही मोठी फसवी गोष्ट आहे. केंद्राच्या दारांत शरदांतले चम शेंकड्यांनीं दाटलेले पाहून सागर अक्षय आहे असें वाटतें. परंतु याच खाडींत उन्हाळ्याच्या अखेरीस चढणारी चमचीच एक शाखा आहे, आणि ती इतकी रोडावली कीं १९९९ सालीं तिला संकटग्रस्त जीवांच्या कायद्याचें संरक्षण द्यावें लागलें.

घरीं पोंचेपर्यंत अंधार झाला होता. सुनेनें दारांतच विचारलें, "मिळाला का मासा?" मी उत्तर जुळवीत होतों, तोंच नातवानें पायांतले बूट ओढतां ओढतां सांगून टाकलें, "मिळाला होता. पण त्यानं गळ घेतलाच नव्हता."

माझ्या तळहाताची गोष्ट त्यानें सांगितली नाहीं. ती आज मी सांगतों आहें.