आंबिलीचा मुलूख

हैदराबादहून विकाराबाद, जहिराबाद अशी स्थानके घेत आगगाडी बिदरच्या पठारावर चढते तेव्हा प्रवाशाच्या दृष्टीस प्रथम पडतो तो लाल जांभा. बिदर सोडून भालकीच्या दिशेने उतरू लागले की हाच लाल रंग हळूहळू मावळतो आणि मांजरा नदीच्या खोऱ्यातील काळी, कसदार जमीन दोन्ही बाजूंना पसरते. दक्षिणेकडे हुमनाबाद ओलांडून कलबुर्गी जिल्ह्यात शिरले, तर हा काळा पट्टा भीमेच्या काठापर्यंत सोबत करतो. २०१७ साली बिदर-कलबुर्गी लोहमार्ग सुरू झाल्यापासून हा प्रवास फार सुखाचा झाला आहे.

आपल्या वाचकांपैकी बहुतेकांना हा प्रदेश ठाऊक असतो तो यात्रेच्या निमित्ताने. गाणगापूरचा भीमा-अमरजा संगम आणि हुमनाबादजवळचे माणिकनगर ही नावे मराठी घरांत देवघराइतकीच परिचित आहेत. इतिहासाची आवड असणारा बिदरचा किल्ला, महमूद गवानचा १४७२ चा मदरसा पाहतो आणि बसवकल्याणला जाऊन येतो. परंतु या मुलखाची आणखी एक ओळख आहे, आणि ती कोणत्याही देवळात वा किल्ल्यात सापडत नाही. ती मातीच्या मडक्यात सापडते. ती ओळख म्हणजे येथील आंबट चव.

मार्गशीर्ष वद्य अमावस्येस, म्हणजे बहुधा डिसेंबरच्या उत्तरार्धात किंवा जानेवारीच्या प्रारंभी, बिदर, कलबुर्गी, लातूर आणि धाराशिव या जिल्ह्यांतील गावे ओस पडतात. सारी माणसे शेतात गेलेली असतात. मराठीत या सणाला वेळ अमावस्या किंवा नुसते 'येळवस' म्हणतात. कन्नडात 'एळ्ळ अमावास्ये'. 'एळ्ळु' म्हणजे तीळ. ज्वारी उभी असते, हरभऱ्याला घाटे धरू लागलेले असतात, तुरीच्या शेंगा भरलेल्या असतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारून तिच्यात पाच पांडव म्हणून चुन्याने रंगविलेले पाच दगड मांडतात, लक्ष्मीची पूजा होते आणि नैवेद्य शेतात चारी बाजूंना शिंपडला जातो. कन्नड शेतकरी या शिंपण्याला 'चरग' म्हणतो. धरणीमाता या दिवसांत गर्भार असते, तिचे डोहाळे पुरवायचे, ही त्यामागची भावना.

नैवेद्याची पाने पाहण्यासारखी असतात. तूर, हरभरा, वाटाणा, वाल यांचे ओले दाणे आणि हिरव्या पालेभाज्या एकत्र शिजवून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर. आणि या साऱ्यांचा राजा म्हणजे आंबील. ज्वारीच्या पिठाची, ताकातली, आंबविलेली ही पेज घरचा कर्ता पुरुष बिंदग्यात भरून, अंगावर घोंगडी घेऊन, डोक्यावरून शेतात नेतो. इतर पदार्थ टोपलीतून जातात, पण आंबिलीचा मान डोक्याचा.

भालकी तालुक्यातील अशाच एका शेतात आम्हांस पंगतीचा लाभ झाला. घरची माणसे आमच्याशी मराठीत बोलत आणि शेजारच्या शेताशी कन्नडात. यजमानीणबाईंनी बिंदग्यावरचे फडके काढले तसा आंबूस, किंचित लसणाचा वास कोपीभर झाला. पितळी वाटीत ओतलेली आंबील पांढुरकी आणि साईच्या दुधाइतकी दाट होती. पहिल्या घोटाला जिभेच्या दोन्ही कडा आवळल्या, मग जिऱ्याची ऊब आली, आणि मागाहून ज्वारीचा तो ओळखीचा, भाकरीच्या चुलीपाशी येतो तसा गोडवा. आम्ही वाटी पुन्हा पुढे केली तेव्हा बाई म्हणाल्या, "पावणं, दमानं प्या. ऊन चढलं की झोप येती."

"अक्का, घरात किती दिवस ठेवली होती ही?" आम्ही विचारले.

"दिवस कुठं मोजताव? वासावर कळतंय की," असे त्यांचे उत्तर.

झोपेचे त्यांचे भाकीत खरे ठरले. आंबील ही दारू नव्हे; तिच्यात मद्यार्क असलाच तर नाममात्र. पण भरल्या पोटी, थंडीच्या दिवसातल्या कोवळ्या उन्हात, कडब्याच्या सावलीला तिने डोळे मिटविले हे मान्य केले पाहिजे.

"वासावर कळते" हे वाक्य मात्र आम्हांस नवे नव्हते. काही वर्षांपूर्वी कन्येच्या बिऱ्हाडी ब्रुसेल्सला गेलो असता शहराच्या आंदरलेख्त भागातील कांतियों ही १९०० साली सुरू झालेली बिअरची भट्टी पाहावयास मिळाली. १९७८ पासून तिचे एक प्रकारे संग्रहालयही झाले आहे. तेथील बिअरला लँबिक म्हणतात. आपल्या परिचयाच्या बिअरला कारखानदार शुद्ध, निवडक यीस्टचे विरजण लावतो. लँबिकला विरजण लावतच नाहीत. मोड आणून वाळविलेला जव आणि कच्चा गहू यांचा रस काढून, जुन्या वाळलेल्या हॉप्ससह कित्येक तास उकळून, तो माळ्यावरच्या उथळ, रुंद तांब्याच्या पात्रात रात्रभर उघडा ठेवतात. सेन नदीच्या खोऱ्यातील हवेत आणि त्या जुन्या इमारतीत वस्ती करून असलेले सूक्ष्म जीव त्यात आपण होऊन शिरतात. त्यांतील एका यीस्टला शास्त्रज्ञांनी ब्रेटानोमायसिस ब्रुसेलेन्सिस असे त्या शहराचेच नाव दिले आहे. मग तो रस ओकच्या पिंपांत एक ते तीन वर्षे मुरतो. कोवळे आणि जुने लँबिक एकत्र करून बाटलीत भरले की ग्यूझ तयार होते. पिंपांवरची कोळिष्टके तेथे काढीत नाहीत, कारण कोळी माशा खातो. आमच्या सौभाग्यवतींना ही सबब फारशी पटली नाही.

त्या ग्यूझचा घोटभर नमुना चाखला तेव्हा जिभेच्या कडा अशाच आवळल्या होत्या. हिरव्या सफरचंदाचा आंबटपणा, ओल्या लाकडाचा वास, आणि मागे कडवट, कोरडा शेवट. गोडाचा मागमूस नाही. शेजारचे प्रवासी तोंड वेडेवाकडे करीत होते. आम्हांस मात्र ती चव परकी वाटली नाही. ज्याच्या जिभेला लहानपणी आंबिलीची सवय झाली त्याला ती परकी वाटू नये. दोन्हींतील आंबटपणाचे मूळ मुख्यतः एकच, दुधाचे दही करणाऱ्या जीवांच्या कुळातले लॅक्टिक आम्ल.

दोन्हींचे पंचांगही जुळते. लँबिकची रसभट्टी ऑक्टोबर ते एप्रिल एवढ्याच काळात पेटते. उन्हाळ्यात हवेतील नको ते जीव माजतात आणि रस नासतो. येळवसेची आंबीलही तशीच हिवाळ्यातली. मे महिन्यात ती एका दिवसात आंबून हाताबाहेर जाते; मार्गशीर्षाच्या थंडीत सावकाश आंबते आणि तिच्या आंबटपणाला गोलाई येते. भांड्याचेही तेच. ओकच्या पिंपाच्या फळ्यांत मागील वर्षाचे जीव दडून राहतात आणि लाकडातून अगदी थोडी हवा आत झिरपते. मातीचे मडके पाझरते म्हणून आतले पेय थंड राहते, आणि मुरलेल्या मडक्याच्या भिंतीतही मागच्या खेपेची आठवण उरते. एकीकडे तीन वर्षे, एकीकडे दोन-तीन दिवस, एवढाच काय तो मोठा भेद.

या मुलखात आपोआप आंबणारे आणखी एक पेय होते, ते म्हणजे शिंदी. ओढ्याकाठच्या शिंदीच्या झाडाचा रस पहाटे गोड नीरा असतो, ऊन चढते तशी त्याची मादक शिंदी होते आणि संध्याकाळपर्यंत तो आंबटढाण होतो. तेथेही विरजण लावावे लागत नाही. मडक्यातले आणि हवेतले जीवच ते काम करतात. निजामाच्या राज्यात शिंदीवरील अबकारी कर हे सरकारी उत्पन्नाचे मोठे साधन होते. म्हणूनच १९४७ साली स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसच्या लढ्यात शिंदीची झाडे तोडणे हा सत्याग्रहाचा एक कार्यक्रम ठरला. एका पेयाच्या झाडावर कुऱ्हाड घालून राजसत्तेच्या तिजोरीवर घाव घालण्याचा हा प्रकार आपल्या इतिहासात विरळाच. आंबिलीवर मात्र कर बसला नाही आणि बंदीही आली नाही. ती घरची होती.

आणि घरची म्हणूनच ती सीमा ओलांडून टिकली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानचा जुना बिदर जिल्हा तिघांत वाटला गेला. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग म्हैसूर राज्यात आला; उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले; जहिराबाद, नारायणखेड आंध्रात. सासर एका राज्यात, माहेर दुसऱ्या राज्यात आणि शेत दोहोंच्या मध्ये अशी अनेक कुटुंबांची गत झाली. मुलांच्या शाळेची भाषा बदलली, कचेरीची बदलली, गुलबर्ग्याचे २०१४ साली कलबुर्गी झाले. मराठीत आंबील, कन्नडात अंबली, तेलुगूतही अंबली. हा शब्द मात्र तिन्ही वाटण्यांत जवळजवळ जसाच्या तसा उरला. पुण्याचा आंबील ओढा ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा शब्द केवळ सीमाभागाचा नाही हेही ठाऊक असेल.

बसवकल्याण ही कल्याणी चालुक्यांची राजधानी. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या ११२९ च्या सुमाराच्या संस्कृत ग्रंथात अन्नपाण्याच्या भोगांची प्रकरणे आहेत. आणि महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात अशी नोंदही त्याच ग्रंथात आहे. ओवीचा हा प्राचीन उल्लेख आज जो भाग महाराष्ट्राबाहेर आहे तेथे लिहिला गेला, हे महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा सर्वांस थोडे सुखावणारे आहे.

आता चिंतेची गोष्ट. बेल्जियमच्या बिअर-संस्कृतीस २०१६ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. तेथे भट्ट्या आहेत, संघ आहेत, कायद्याचे संरक्षण आहे. आंबिलीस यांपैकी काही नाही. तिची सारी विद्या वासावर दिवस ओळखणाऱ्या बायकांपाशी आहे, आणि त्यांच्या सुना-मुली आज हैदराबाद, पुणे, बंगळूर येथे संसार करीत आहेत. आम्ही ज्या कोपीत जेवलो त्या घरचे दोन्ही मुलगे शहरात नोकरीला आहेत. येळवसेला तेवढे येतात. "मी हाय तवर बिंदगं भरतंय," एवढेच बाई म्हणाल्या. त्या बोलण्यात तक्रार नव्हती, हिशेब होता.

हा हिशेब थोडा लांबविणे आपल्या हाती आहे, म्हणून कृती देतो. एक वाटी ज्वारीचे पीठ दोन वाट्या आंबट ताकात कालवून मातीच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात, फडके बांधून, थंडीत दीड-दोन दिवस ठेवावे. उष्ण गावी एक रात्र पुरे. आंबूस वास सुटला व बारीक बुडबुडे दिसले की चार वाट्या उकळत्या पाण्यात हळूहळू ओतून, गुठळी न होऊ देता शिजवावे. पूर्ण निवल्यावर ताक, मीठ, ठेचलेला लसूण, भरडलेले जिरे, हिरवी मिरची आणि कोथिंबीर घालून पुन्हा मडक्यात रात्रभर मुरू द्यावे. बुरशी दिसली वा वास कुजका आला, तर मोह न धरता टाकून द्यावे. अॅल्युमिनियमचे व बिनकल्हईचे पितळी भांडे साठवणीस वर्ज्य. मडके निराळे ठेवावे आणि त्याला साबण लावू नये. तिसऱ्या-चौथ्या खेपेस चव सुधारते ती त्या मडक्याच्या पुण्याईने.

आणि शक्य असेल त्यांनी मार्गशीर्षाच्या अमावस्येस बिदरची गाडी पकडावी. त्या दिवशी त्या मुलखात शेतावर आलेला परका माणूस उपाशी परतत नाही.