उणे दोन की उणे बावीस

कलबुर्गीजवळच्या एका डाळ मिलमध्ये तुरीतले खडे नि काळे दाणे कॅमेऱ्यानं टिपून हवेच्या झोतानं उडवणारं यंत्र आहे. त्याचा पीसी लिनक्सवर चालतो. कार्डाचा एक आणि कॅमेऱ्याचा एक, असे दोन ड्रायव्हर मी बिल्ड करून देतो. ऐन हंगामात मुनीमजींचा फोन येतो, "साहेब, कालपर्यंत चालत होतं की!" रात्रीत कुणीतरी सिस्टिम अपडेट केलेली असते. मी त्यांना कर्नलच्या लॉगमधली शेवटची ओळ वाचायला सांगतो. 'अननोन सिम्बॉल', आणि पुढे कंसात आकडा. निम्मं निदान त्या आकड्यातच होतं.

ड्रायव्हरची ही मॉड्यूल फाइल अर्धवट जोडलेलीच असते. त्यातल्या कित्येक फंक्शनांची फक्त नावं असतात, पत्ते कोरे. २००३ च्या २.६ कर्नलपासून हे पत्ते मॉड्यूल लोड होताना खुद्द कर्नल भरतो. त्याआधी ते काम बाहेरून इन्समॉड हा प्रोग्राम करायचा. कर्नलनं एक्सपोर्ट केलेलीच नावं वापरता येतात, त्यातली काही फक्त जीपीएल परवान्याच्या मॉड्यूलना. बाकीच्यांचे पत्ते हुडकून देणारं एक फंक्शन बरेच जण मागच्या दारासारखं वापरायचे. ५.७ मध्ये, २०२० साली, त्याचंच एक्सपोर्ट काढलं. बरं झालं.

आकडा उणे बावीस असेल तर नाव सापडलंय, पण बहुधा त्याचा सीआरसी जुळत नाही. फंक्शनची घोषणा आणि त्यात येणारी स्ट्रक्चरं यांवरून बिल्डच्या वेळी हा सीआरसी निघतो. स्ट्रक्चरमध्ये एक फील्ड वाढलं तरी तो बदलतो. जमिनीच्या पहाणीवर नाव तेच, पण वाटणी होऊन गुंठे बदललेले, तसं. मॉड्यूल चढवणाऱ्या मॉडप्रोबला जबरदस्तीचा पर्याय आहे आणि मिलवाल्यांना तो कुठून तरी कळलेला असतो. मी तो वापरत नाही. साधा प्रोग्राम चुकीच्या जागी लिहितो तेव्हा तो एकटा मरतो. कर्नलमध्ये लिहिणारा कधी लगेच सगळं यंत्र बंद पाडतो, कधी दोन तासांनी, आणि दुसरं निस्तरणं फार वाईट. नव्या कर्नलच्या हेडरवर पुन्हा बिल्ड करायचं, बस्स.

उणे दोन म्हणजे नावच नाही. कॅमेऱ्याचा ड्रायव्हर कार्डाच्या ड्रायव्हरमधली फंक्शनं मागतो, आणि दोन्ही वेगळ्या फोल्डरमध्ये बिल्ड होतात. पहिल्याच्या एक्सपोर्टची यादी असलेली मॉड्यूल.सिमव्हर्स फाइल दुसऱ्याच्या बिल्डला दाखवली नाही, तर बिल्डमधला मॉडपोस्ट तिथंच अडवतो. प्रोजेक्टला येणारी पोरं ही एरर एका व्हेरिएबलनं वॉर्निंगवर उतरवतात. बिल्ड पार पडतो, मग ते मॉड्यूल मिलमध्ये जाऊन आपटतं. फाइलचा मार्ग मेकफाइलमध्ये लिहायला एक ओळ लागते! तरीही उणे दोन आलं, तर बहुधा कुणीतरी इन्समॉडनं कॅमेरा आधी चढवलेला असतो. मॉडप्रोब अवलंबनांची यादी वाचून क्रम स्वतः लावतो, अर्थात ती यादी बनवणारं डेपमॉड चालवलेलं असेल तर.

माझा खरा वेळ जातो तो काय एक्सपोर्ट करायचं हे ठरवण्यात. सगळ्या कर्नलमध्ये या नावांचा बाजार एकच; तेच नाव दुसऱ्या मॉड्यूलनं एक्सपोर्ट केलं की ते लोडच होत नाही. ५.४ पासून, म्हणजे २०१९ पासून, नेमस्पेस आहेत, पण त्यांनी एवढंच ठरतं की कुठलं नाव कुणी आयात करायचं; सारखी नावं टळत नाहीत. म्हणून प्रत्येक नावाला कार्डाचा उपसर्ग, आणि कॅमेऱ्याला लागत नाही ते सगळं स्टॅटिक. 'पुढे लागेल' म्हणून कुणी एक्सपोर्ट मागितलं, तर मी आधी ते वापरणारा कोड दाखव म्हणतो.