मियाजिमा : एका दिवसाची टिपणे

१.
हिरोशिमाहून लोकलनं मियाजिमागुची. तिथून बोटीनं दहा मिनिटं.

२.
इथं आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघायचं. मी ओहोटीला पोचले. तोरीपर्यंत चालत गेले, बूट चिखलात रुतत होते.

३.
ही तोरी, म्हणजे देवळाचं महाद्वार, १८७५ सालची. उंची साधारण १६ मीटर. मुख्य खांब म्हणजे कापराच्या झाडाचे आख्खे बुंधे. ते जमिनीत पुरलेले नाहीत, नुसते टेकलेत. वरची आडवी तुळई पोकळ आहे, तिच्यात दगड भरलेत. त्या भारावर सगळं उभं. खांबाला हात लावला. थंड, ओला, बुडाशी शिंपले चिकटलेले.

४.
बेटच देव. त्याच्या अंगावर बांधायचं कसं? म्हणून देऊळ काठच्या पाण्यावर. आजचा विस्तार सरदार ताइरा नो कियोमोरीचा, ११६८ चा.

५.
सज्जाच्या फळ्यांमध्ये फटी आहेत. चुकून राहिलेल्या नव्हेत, ठेवलेल्या. वादळात पाणी त्यांतून वर येतं आणि त्यांतूनच उतरतं. जमीन उखडत नाही. २००४ च्या तुफानानं तरीही बरंच मोडलं. पुन्हा बांधलं, फटींसकट. मी वाकून बराच वेळ एका फटीतून खाली बघत होते. खाली एक खेकडा होता.

६.
बेटावर जन्म आणि मृत्यू दोन्ही वर्ज्य असत. दिवस भरत आले की बाई पलीकडच्या किनाऱ्यावर जाई. आजही इथं स्मशान नाही.

७.
बाजारात भातवाढ्याच भातवाढ्या. लाकडी, सपाट. इथलीच ओळख. एक घेतली.

८.
दाइगान-जी, बौद्ध देऊळ. इथली बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वती, चीनमार्गे आलेली. पूर्वी मुख्य देवळात होती. मेइजी काळात शिंतो आणि बौद्ध वेगळे केले तेव्हा इकडे आली. दार बंद होतं. दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांनी काढायचो ती सरस्वती डोळ्यांपुढे आली. दाराबाहेरूनच हात जोडले.

९.
मिसेन डोंगर, ५३५ मीटर. वर एका छोट्या देवळात विस्तव. कूकाई या बौद्ध भिक्षूनं पेटवला तो बाराशे वर्षं विझलेला नाही, असं सांगतात. वर लोखंडी भांड्यात पाणी उकळत असतं. धुरानं छत काळंभोर. डोळे चुरचुरले.

१०.
१९६४ मध्ये हिरोशिमाच्या शांतता उद्यानात ज्योत लावली. तिच्यासाठी नेलेल्या अग्नींत हा एक होता.

११.
परतीची बोट. भरती आली होती. सकाळी हात लावला होता ती जागा पाण्याखाली.