सातपुड्याच्या कडेने : सालईच्या मागावर

शुक्रवार, खामगाव

शेगावचं दर्शन सकाळीच उरकलं आणि खामगावच्या बाजारात शिरलो. जडीबुटीच्या दुकानात ‘धूप द्या’ म्हटलं, तर दुकानदाराने उलट विचारलं, “कोणता, काका? राळ, ऊद, लोबान, गुग्गुळ?” सालईचा डिंक मागितल्यावर त्याने खालच्या खणातून पिवळसर, बोटांना चिकटणारे गोळे काढले. निखाऱ्यावर टाकले की लिंबाच्या सालीसारखा, थोडा टर्पेंटाइनच्या अंगाने जाणारा वास येतो. लाडवात जातो तो धावड्याचा डिंक; हा धुरीचा. संध्याकाळी देवापुढे, पावसाळ्यात डासांसाठी.

शनिवार, सोनाळा

अंबाबरवा अभयारण्य १९९७ सालचं, सुमारे १२७ चौरस किलोमीटरचं. आता मेळघाट व्याघ्र प्रकल्पात. मातीच्या जागा सागाने घेतल्या आहेत, खडकाळ माथे सालईकडे. फाल्गुनात तिच्या अंगावर पान नाही, नुसती बारीक पांढरी फुलं. राखाडी-हिरवट साल कागदासारखी सुटते.

अरबस्तान-सोमालियाचा जगप्रसिद्ध धूप हिच्याच चुलतबहिणींचा. १८०७ मध्ये कोलब्रूक या इंग्रज पंडिताने तर प्राचीनांचा धूप भारतातल्या सालईचाच, असं मांडलं होतं. ते टिकलं नाही. पण ‘बॉस्वेलिया सेराटा’ हे शास्त्रीय नाव तेव्हाचं. संस्कृतात ही शल्लकी. हत्ती आवडीने खातात म्हणून गजभक्ष्याही. इथे हत्ती कुठले! शल्लकीच्या गोळ्या मात्र औषधांच्या दुकानात सांधेदुखीसाठी मिळतात.

रविवार, जळगाव जामोदजवळचा पाडा

अभयारण्यात झाडाला हात लावता येत नाही, म्हणून आज बाहेरच्या जंगलात. सोबत पाड्यावरचे एक भिलाला बाबा. थंडीत बुंध्याची साल पट्टीसारखी तासायची, काही दिवसांनी तीच जखम थोडी वर ताजी करायची. पाऊस आला की काम बंद. गोळा केलेला डिंक टोपलीत महिनाभर ठेवला की पातळ रस निथळतो. उरतो तो सालई गुग्गुळ.

एका वाळलेल्या झाडाजवळ बाबा थांबले. चीर थेट लाकडात गेली होती. “लय खोल कापलं तं झाड वाळते, भाऊ. घाई केली कोणीतरी.”

घाई का, ते बाजारात कळतं. खोल घावाचा डिंक आणि जपून काढलेला डिंक एकाच पोत्यात, एकाच भावात जातो. मग जपायचं कोणी? दोष कापणाऱ्या हाताइतकाच भाव ठरवणाऱ्याचा आहे, असं माझं स्पष्ट मत. पूर्वी तर लाकडावरच डोळा होता: डोंगरापलीकडच्या नेपानगरच्या गिरणीत सालईचा लगदा होऊन वर्तमानपत्राचा कागद निघे.

बियांपासून सालई कमीच उगवते. कोवळी रोपं वणवा आणि गुरं संपवतात. पण जाड फांदी पावसाच्या तोंडावर रोवली तर मूळ धरते. सातपुड्याच्या पायथ्याशी ज्यांची खडकाळ धुऱ्याची जमीन पडून आहे, त्यांनी यंदा मृगाच्या आधी एक तरी फांदी लावून पाहावी.