घाटातले हजार किलोमीटर

ऑस्ट्रेलियातल्या बॅथर्स्ट गावाजवळचा माउंट पॅनोरामा हा डोंगर सिडनीच्या पश्चिमेला सुमारे २०० किलोमीटरवर आहे. त्याच्यावरून जाणारा रस्ता वर्षातले बहुतेक दिवस साधा सार्वजनिक रस्ता असतो. कडेला घरे आहेत, दोन्ही बाजूंनी रहदारी चालते आणि ताशी ६० किलोमीटरची वेगमर्यादा सर्वांना लागू असते. ऑक्टोबरातल्या एका रविवारी मात्र याच रस्त्यावर १००० किलोमीटरची मोटारशर्यत होते. आपल्याकडे तेव्हा पहाट असते. घरातले सगळे झोपलेले असताना मी ती पाहायला बसतो.

एक फेरी ६.२१३ किलोमीटरची, अशा १६१ फेऱ्या. प्रत्येक फेरीत गाडी १७४ मीटर वर चढते आणि तितकीच खाली उतरते. सगळा चढ एकावर एक रचला तर २८ किलोमीटर भरतो, म्हणजे एव्हरेस्टच्या उंचीच्या तिपटीहून जास्त. माथ्यावर रस्ता अरुंद आहे आणि दोन्ही बाजूंना भिंती आहेत. घाटात गाडी चालवलेल्या कुणालाही ते पाहताना आपोआप ब्रेकवर पाय ठेवावासा वाटतो.

सहा-सात तास हे एकट्याने करायचे नसते. एका गाडीला दोन चालक असतात. एक जण उतरतो, दुसरा त्याच तापलेल्या आसनात बसतो. टायर, ब्रेक, इंधन यांचा हिशेब शेवटपर्यंत पुरवावा लागतो. म्हणून या प्रकाराला दमाची शर्यत म्हणतात. पण दम धरणे म्हणजे नुसते सोसत राहणे, असे मला पूर्वी वाटे. या डोंगराच्या गोष्टी कळत गेल्या तसा तो समज सुटला.

१९८० साली डिक जॉन्सन आघाडीवर होता. चढावरच्या एका वळणानंतर रस्त्यात मोठा दगड पडलेला होता. बाजूला अडकलेल्या गाडीसाठी आलेले वाहन उभे असल्याने चुकवायला जागा नव्हती. गाडी दगडावर गेली, भिंतीला आदळली आणि मोडली. जॉन्सनने आपले सर्वस्व तिच्यात घातले होते. देशभरातल्या सामान्य लोकांनी पैसे पाठवले, फोर्ड कंपनीने तेवढीच भर घातली, आणि पुढच्या वर्षी जॉन फ्रेंचच्या साथीने त्याने हीच शर्यत जिंकली. तो टिकला, कारण त्याने ओळखपाळख नसलेल्या लोकांचा हात धरला.

१९९२ सालची शर्यत मला सर्वांत जड जाते. न्यूझीलंडचा डेनी ह्यूम, १९६७ चा फॉर्म्युला वन विश्वविजेता, वयाच्या ५६ व्या वर्षी त्या दिवशी बीएमडब्ल्यू चालवत होता. पावसाने रस्ता धूसर झाला होता. उतारावरून खाली आल्यावर लांब सरळ पट्ट्यावर त्याला हृदयविकाराचा झटका आला. गाडी एका भिंतीला घासली, मग रस्ता ओलांडून दुसऱ्या कडेला जाऊन थांबली. कुणावर आदळली नाही. ह्यूम मात्र वाचला नाही.

पाऊस वाढला तेव्हा शर्यत मधेच थांबवली गेली. आघाडीची निस्सान तोवर निसरड्या रस्त्यावर आदळून निकामी झाली होती, पण नियमानुसार आधीच्या फेरीचा निकाल धरला गेला आणि तिचे चालक जिम रिचर्ड्‌स व मार्क स्कैफ विजयी ठरले. फोर्ड आणि होल्डनच्या चाहत्यांनी त्यांची हुर्यो उडवली. ह्यूम हा रिचर्ड्‌सचा मित्र. तो गेल्याची बातमी नुकतीच कानी आलेली होती. रिचर्ड्‌सने विजेत्याच्या मंचावरूनच गर्दीला शिवी हासडली. त्या दिवशी तिथे कोण जिंकले, या प्रश्नाचे उत्तर नोंदवहीत आहे, माझ्याकडे नाही.

ह्यूमच्या त्या गाडीचा दुसरा चालक होता पॉल मॉरिस, तेव्हा ऐन पंचविशीतला. बावीस वर्षांनी, २०१४ साली, मॉरिस चॅझ मोस्टर्टच्या जोडीने पुन्हा त्याच डोंगरावर होता. त्यांची गाडी सर्वांच्या मागून सुटली. रस्त्याचे डांबर उखडल्याने शर्यत बराच वेळ थांबवावी लागली. शेवटच्या फेऱ्यांत जेमी व्हिंकप पुढे होता. इंधन पुरणार नाही, जपून चालव, असे त्याचे पथक त्याला पुन्हा पुन्हा बजावत होते. त्याने वेग सोडला नाही. अखेरच्या फेरीत त्याचे इंधन संपत आले आणि मोस्टर्ट पुढे निघून गेला. मॉरिस तेव्हा गाडीत नव्हता. आपल्या वाट्याचे किलोमीटर संपवून, चाक तरुण जोडीदाराच्या हाती देऊन तो बाजूला उभा होता.

व्हिंकपला मी दोष देत नाही. पुढे असताना पाय उचलणे किती अवघड, हे गाडी न चालवताही कळते. पण ह्यूमची कडेला जाऊन थांबलेली बीएमडब्ल्यू आणि बाजूला उभा राहिलेला मॉरिस आठवला की दम या शब्दाचा अर्थ मला जास्त नीट लागतो. पुढे जात राहण्याइतकेच त्यात थांबणे येते, आणि चाक दुसऱ्याच्या हाती देणेही.