द्राक्षमळ्यातलं हौसेचं घर

हल्ली आपल्यापैकी कितीतरी जणींना अमेरिकावारी घडते. कुणी लेकीच्या बाळंतपणाला जाते, कुणी मुलाचं नवं घर बघायला. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात तर मराठी घरं इतकी, की सॅन होजे, सनीव्हेल, फ्रीमॉन्ट ही नावं आता आपल्या आळीतसुद्धा पाठ झाली आहेत. तिथे गेल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तो प्रसिद्ध लाल पूल बघून होतो, समुद्र होतो, मंदिर होतं. मग एके दिवशी जावईबापू म्हणतात, "आई, नापाला जायचं का? द्राक्षांचा मुलूख आहे, तुम्हाला आवडेल."

आपण मनात म्हणतो, द्राक्षं बघायला इतक्या लांब कशाला? आमच्या नाशिकला काय कमी आहेत? आणि तिथं जाऊन लोक करतात काय, तर वाइन पितात! आपण नुसतं बाकावर बसून पर्स सांभाळायची?

तर या खेपेला खुशाल 'चला' म्हणा. मात्र जावईबापूंना एक सांगून ठेवा: वाटेत 'डी रोझा' नावाचं कलासंग्रहालय लागतं, तिथे दोन तास थांबायचं. वाइनचा थेंबही न घेता हा दिवस तुमच्या चांगला लक्षात राहील.

सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तरेला निघालं, की तास-सव्वा तासात कार्नेरोस नावाचा प्रदेश लागतो. स्पॅनिश भाषेत या शब्दाचा अर्थ मेंढे. एके काळी इथे मेंढरं चरत, म्हणून हे नाव. नापा आणि सोनोमा या दोन्ही जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. ठेंगण्या, गोलसर टेकड्या, आणि त्यांच्या अंगावर फणी फिरवावी तशा द्राक्षवेलींच्या सरळ ओळी. उन्हाळ्यात टेकड्यांवरचं गवत वाळून सोनेरी होतं. फेब्रुवारीत गेलात तर वेली नुसत्या काटक्यांसारख्या उभ्या असतात, पण दोन ओळींच्या मधे मोहरी फुललेली असते. सगळं रान हळदीनं माखल्यासारखं पिवळं!

आपल्याकडची बाग पाहिलेल्यांना फरक लगेच कळेल. आपल्याकडे वेल डोक्यावर मांडवासारखी चढवतात, इथे ती तारांवर छातीइतक्याच उंचीवर धरतात. आपल्याकडे एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी, अशी दोनदा कात्री चालते. इथे वेल थंडीत झोपते, तेव्हा एकदाच. आपला माल निघतो उन्हाळ्याच्या तोंडाशी, यांचा ऑगस्ट ते ऑक्टोबरात. आणि घड बघाल तर बारीक मण्यांचे, बियांचे, जाड सालीचे. खायची द्राक्षं वेगळी, वाइनची वेगळी. जवळच्याच खाडीवरून इथे रोज गार वारा आणि धुकं येतं, त्यामुळे द्राक्षं सावकाश पिकतात. हीच गोष्ट पुढे एका माणसाच्या पथ्यावर पडली.

त्या माणसाचं नाव रेने डी रोझा. १९१९ साली बॉस्टनमध्ये जन्म, येल विद्यापीठात शिक्षण. तरुणपणी कादंबरी लिहायची म्हणून स्वारी पॅरिसला गेली. कादंबरी काही जमली नाही. मग सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वर्तमानपत्रात बातमीदारी केली. १९६० साली, म्हणजे वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, या गृहस्थानं कार्नेरोसमध्ये ४६० एकर जमीन घेतली. त्या जमिनीवर १८८६ सालची, वाइन करण्यासाठी बांधलेली एक जुनी दगडी इमारत उभी होती. तिचंच त्यानं राहतं घर केलं.

लोक म्हणाले, इतक्या थंडीत इथे द्राक्षं होणार नाहीत. यानं ऐकलं नाही. थंडी सोसणाऱ्या, नव्हे, थंडीच मानवणाऱ्या जातींच्या वेली त्यानं लावल्या आणि मळ्याला नाव दिलं 'वायनरी लेक'. त्या द्राक्षांचा असा लौकिक झाला, की वाइन करणारे बाटलीच्या चिठ्ठीवर मळ्याचं नाव अभिमानानं छापू लागले.

आता गंमत ऐका. शेतीतलं काही येत नव्हतं, म्हणून हा मनुष्य डेव्हिस गावच्या विद्यापीठात द्राक्षशेती शिकायला जाऊ लागला. त्याच विद्यापीठात चित्रकलेचा विभागही होता, आणि त्या काळात तिथे मोठी अवलिया मंडळी शिकवत होती. विल्यम वायली, रॉबर्ट आर्नेसन, रॉय डी फॉरेस्ट. यांची याच्याशी गट्टी जमली. शिकायला गेला द्राक्षं आणि घरी आणू लागला चित्रं! न्यूयॉर्क-पॅरिसच्या नामवंतांच्या मागे तो लागला नाही. आपल्याच मुलखातले, बरेचसे तेव्हा कुणाला ठाऊक नसलेले कलावंत, त्यांच्याकडून मनाला भावेल ते घ्यायचं, असा त्याचा खाक्या. होता होता सुमारे आठशे कलावंतांच्या सोळाशेच्या आसपास वस्तू जमल्या. त्या दगडी घराच्या भिंती भरल्या, मग छताचीही पाळी आली.

ही हौस एकट्याची नव्हती. त्याची बायको व्हेरॉनिका स्वतः चित्रकार होती. घर असं पसाऱ्यानं भरत असताना कपाळाला हात लावणारी ती नव्हती, उलट तिची त्याला साथच होती. १९८६ साली दोघांनी आपला नावाजलेला मळा एका मोठ्या कंपनीला विकला. त्या पैशांतून जमवलेला संग्रह सगळ्यांसाठी खुला करायचा, असं त्यांच्या मनात होतं.

त्या मूळ जमिनीपैकी २१७ एकर आज संग्रहालयाकडे आहे. आत शिरलं की आधी दिसतं पस्तीस एकरांचं तळं. कडेनं वेत, पाण्यात पक्षी. इथल्या रानात मोरही मोकळे हिंडत असत. परदेशात मोराचा ओरडा कानी पडला की माहेरचं माणूस भेटल्यासारखं होतं. तळ्याकाठच्या दालनात बसायचं आणि काचेतून पाणी बघायचं, एवढ्यासाठीसुद्धा इथे यावं.

पण इथली खरी मौज वस्तूंची. सॅम्युएल येट्स नावाच्या कलावंतानं कचेरीत असतात तसली फायलींची लोखंडी कपाटं एकावर एक चढवून पासष्ट फुटांचा मनोरा केला, आणि त्याच्या खणांत काय भरलं? एका अख्ख्या मोटारगाडीचा भुगा! डेव्हिड बेस्ट याने एका मोटारीला पुढून गेंड्याचं तोंड बसवलं आणि अंगभर टिकल्या-मणी-खेळणी जडवली. आपल्या बैलपोळ्याचा साज फिका पडावा! पॉल कॉस यानं सत्तावीस टीव्ही संच आडवे-उभे रचून त्यांतून फ्रान्समधल्या शार्त्र इथल्या जुन्या चर्चची रंगीत काचेची खिडकी उभी केली. पहाटेपासून रात्रीपर्यंत त्या काचांवरून सरकणारा उजेड बारा मिनिटांत डोळ्यांपुढून जातो. टीव्हीसमोर हात जोडावेसे वाटतील, असं आपल्याला कुणी सांगितलं असतं का?

आणि व्हायोला फ्राय. हिचं नाव तुम्ही मुद्दाम लक्षात ठेवा. ही कॅलिफोर्नियातल्याच लोडाय गावची, द्राक्षमळेवाल्याच्या घरात वाढलेली मुलगी. तिनं मातीच्या भाजलेल्या बायका घडवल्या, पण केवढ्या? पुरुषभर उंचीहूनही मोठ्या! अंगात फुलाफुलांचे साधे झगे, पाय भक्कम रोवलेले, चेहरे आजीसारखे. देवी नव्हेत की सुंदरी नव्हेत, रोजच्या कष्टाच्या बायका. अशा बाईपुढे मान वर करून उभं राहिलं, की आपल्या आईला, सासूला आपण एवढ्या मोठ्या मापात कधी पाहिलंच नाही, हे जाणवतं.

'पण आम्हाला कलेतलं काय कळतं?' असं म्हणू नका. रेने डी रोझा आपल्या संग्रहातल्या वस्तूंजवळ नाव-गावाच्या पाट्या लावतच नसे. पाटी असली की माणूस आधी पाटी वाचतो, नाव मोठं असलं तरच वस्तूकडे बघतो. त्याला हे नको होतं. आधी बघा, हसू आलं तर हसा, नाही आवडलं तर पुढे चला. साडीच्या दुकानात शिरल्यावर आपण काय वेगळं करतो? गाठ्यावर हात पडण्याआधी नजर ठरवते. ती नजर तुमच्यापाशी आहे, इथे तेवढी पुरते.

टेकडीच्या बाजूला पोलादी तुळयांचं एक भलंमोठं शिल्प आहे. मार्क डी सुव्हेरो यानं ते १९८७ मध्ये केलं. नाव, 'व्हेरॉनिकासाठी'. पुढे चारच वर्षांनी, १९९१ मध्ये, फ्रान्समध्ये डोंगरात फिरताना झालेल्या अपघातात व्हेरॉनिका गेली. दोघांनी मिळून मांडलेल्या त्या भरल्या घरात हा एकटा राहिला. त्यानं दारं लावून घेतली नाहीत. १९९७ मध्ये संग्रह लोकांसाठी उघडला, आणि २०१० साली, एक्क्याण्णवाव्या वर्षी, त्याचंही आयुष्य संपलं.

खरी कसोटी त्यानंतरची. हौसेनं जमवणारे दोघंही गेले, मागे राहिल्या सोळाशे वस्तू. त्यांची धूळ, ओल, दुरुस्ती, विमा, राखण. २०१७ च्या ऑक्टोबरात नापा-सोनोमात भयंकर वणवे पेटले, त्यांची झळ या रानालाही लागली. २०१९ मध्ये विश्वस्तांनी जाहीर केलं, की निवडक काहीशे वस्तू ठेवून बाकीच्या विकाव्यात आणि संस्थेसाठी कायमचा निधी उभारावा. हिशेबानं पाहिलं तर त्यांचं अगदीच चूक नव्हतं. पण ज्यांची चित्रं त्या दोघांनी मैत्रीनं घेतली होती, ते कलावंत खवळले. संग्रह म्हणजे एका जागेची, एका काळाची आठवण, ती फोडून कशी विकता, असा त्यांचा सवाल. पुढे कारभार नव्या हातांत गेला आणि तो बेत मागे पडला.

हे वाचून तुम्हाला दुसरं काही आठवलं का? मला विचाराल तर आपली फडताळं आठवतात. आजेसासूबाईंची पितळी भांडी, जपून ठेवलेला चहाचा सेट, नेसायचा म्हणून ठेवलेला आणि घडीवर विरत चाललेला शालू. मुलं लांब, त्यांची घरं लहान. 'आई, एवढं सगळं ठेवणार कुठे?' हा प्रश्न त्यांनी विचारला की आपल्याला वाईट वाटतं. पण तो प्रश्न इतक्या पैशावाल्या, नावाजलेल्या संग्रहालाही चुकला नाही! वस्तू पेटीत राहून टिकत नाही. तिच्यावर आणखी कुणाचा तरी जीव जडला, तर टिकते. डी रोझांचा संग्रह वाचला, कारण मालकाच्या हयातीतच दारं उघडली होती आणि त्या वस्तू आपल्या मानणारी माणसं बाहेर तयार झाली होती.

जाणाऱ्यांसाठी चार सूचना. उघडं असण्याचे वार ठरावीक आहेत, तेव्हा लेकीला आधी चौकशी करायला सांगा. पायांत चालायचे बूट घाला, चढ-उतार आहे. ऊन असलं तरी स्वेटर बरोबर असू द्या, खाडीवरचा वारा फसवा असतो. वस्तूंना हात लावायचा नाही आणि शेजारच्या मळ्यातला घड, कितीही पिकलेला दिसला, तरी तोडायचा नाही.

आणि परत आल्यावर तो चहाचा सेट फडताळातून खाली काढा. येत्या रविवारी सूनबाई-लेकींना त्यातूनच चहा द्या, आणि तो कुणी, कुठून, किती हौसेनं आणला होता, ते चहा पिता पिता सांगा. एखादा कप फुटलाच, तर फुटू दे.